बाधित असल्यास दिनांक लिहावा

सरकारी पत्रात ‘बाधित’ हा शब्द दिसला की आमच्या गावात आधी चहा टाकतात आणि मग पत्र वाचतात.

याला कारण वादळ आहे. काही वर्षांपूर्वीच्या त्या वादळाने गावाला हा शब्द शिकवला. तोवर आमच्याकडे बाधा फक्त भुताची व्हायची. वादळानंतर कळलं की बाधित होणं ही एक पात्रता आहे. यादीत नाव लागलं तर पत्रे मिळतात, ताडपत्री मिळते, पेपरात फोटोसुद्धा येतो. आमच्या वाचनालयाचा अध्यक्ष बाळा पारकर याच्या परड्यातला माड शेजाऱ्याच्या विहिरीत पडला, तर माडवाला, विहीरवाला आणि मधल्या वाटेचा मालक असे तिघे बाधित निघाले. माझ्या घराची दोन कौलं सरकली होती, ती मी तलाठी येण्याआधी नीट बसवून टाकली. तलाठ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. शिकलेला माणूस, आणि इतकाही व्यवहार कळू नये.

तेव्हा मार्च महिन्यात जिल्ह्याच्या एका कार्यालयातून वाचनालयाला पत्र आलं, आणि त्यात ‘संगणक बाधित आहे किंवा कसे’ असं लिहिलेलं होतं, तर बाळाने कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली यात नवल नाही. नवल एवढंच की एरवी गणसंख्येअभावी अर्धा तास थांबवून ठेवणारी आमची कार्यकारिणी त्या दिवशी वेळेआधी हजर होती.

मी या वाचनालयाचा कार्यवाह आहे. निवडणूक झाली तेव्हा मी एका कादंबरीत डोकं घालून बसलो होतो आणि नाही म्हणायची वेळ निघून गेली. नाही म्हणायची वेळ निघून जाणं हा माझ्या आयुष्याचा सारांशच आहे, आणि या गोष्टीचाही.

पत्र ग्रंथपाल फ्लाव्हिया फर्नांडिस हिने मोठ्याने वाचलं. मराठी टाईप करण्यासाठी फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे आहे, तो जिल्ह्यातल्या बहुतेक वाचनालयांत आहे. त्याच्या ४.२.७ या आवृत्तीत कुणीतरी चोरकप्पा करून ठेवला होता. ती आवृत्ती ज्याने घेतली, त्याच्या कीबोर्डावर दाबलेलं प्रत्येक अक्षर कुठल्यातरी परक्या देशात जाऊन पोचत होतं. फक्त तीन दिवस ती इंटरनेटवर होती, मग गुपचूप काढून टाकली गेली. का काढली हे बनवणाऱ्यांनी तीन महिन्यांनी, म्हणजे आत्ता जाहीर केलं होतं. सबब, प्रत्येक वाचनालयाने आपला संगणक तपासून सोबतच्या प्रपत्रात आठ दिवसांत अहवाल सादर करावा. ‘बाधित संगणक बदलून देण्याची बाब विचाराधीन आहे.’

या शेवटच्या वाक्यावर बाळाने हात वर करून वाचन थांबवलं.

“परत वाच गो,” तो म्हणाला.

फ्लाव्हियाने परत वाचलं. सभागृहात, म्हणजे वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती, समाधानाची एक लाट पसरली. बाळाने एक छोटं भाषण केलं. आपला संगणक बारा वर्षांचा आहे, चालू होईपर्यंत एक चहा पिऊन होतो, शेजारच्या गावाच्या वाचनालयाला गेल्या वर्षी नवा मिळाला तेव्हा आपण काय पाप केलं होतं, वगैरे. मग त्याने ठराव मांडला.

“आपलो कॉम्प्युटर बाधित आसाकच व्हयो. गुरुजी, तुमका इंग्लिश येता. तुमी आणि फ्लाव्हिया तपासा, आणि बाधित म्हणान लिवन टाका.”

तपासणीचा निकाल आधी आणि तपासणी नंतर, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. मी मान डोलावली. पण माझ्या हातातला चहा तसाच राहून त्यावर साय धरली होती. कारण फ्लाव्हियाने वाचताना गाळलेली एक ओळ मी तिच्या खांद्यावरून वाचली होती. त्या तीन दिवसांच्या तारखा. चौदा, पंधरा आणि सोळा डिसेंबर.

ते आमच्या गावपळणीचे दिवस होते.

आचऱ्याची गावपळण पेपरात येते, तिथे कॅमेरेवाले जातात. आमच्या गावाची येत नाही, पण पळतो आम्हीही तितक्याच निष्ठेने. दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात, कौल झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, आजारी, बाळंतीण, सगळे. ओढ्याच्या, म्हणजे व्हाळाच्या, पलीकडच्या माळावर झावळांच्या राहुट्या होतात, तिथेच चुली, तिथेच भजनं. फर्नांडिसांची घरंही येतात, त्यांच्या राहुटीत क्रूस असतो आणि आमच्यापेक्षा चांगलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण असतं. गाव त्या दिवसांत देवाचा असतो. कुणी परत जाऊन चूल पेटवू नये, दार उघडू नये. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि मग सगळे घरी येतात. जो मधेच गेला त्याच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. अमक्याचा आजा मधेच विळा आणायला गेला होता, म्हणून त्यांच्या घरात अजून मुलींची लग्नं जमत नाहीत, अशा प्रकारे.

गेल्या डिसेंबरात, पंधरा तारखेला, भर दुपारी मी गेलो होतो.

कारण सांगायला लाज वाटते. अकरा वर्षं मी आमच्या बोलीतले शब्द गोळा करतो आहे. बाजारात, तीन रस्त्यांच्या तिकटीवर, मयताला, जिथे शब्द ऐकेन तिथे चिठ्ठीवर लिहून घेतो आणि वाचनालय बंद झाल्यावर त्या संगणकावर टाईप करतो. हे कुणाला माहीत नाही. संगणकात त्या फाईलचं नाव मी ‘किरकोळ’ ठेवलं आहे, म्हणजे कुणी उघडू नये, आणि उघडलीच तर नाव बरोबरच आहे असं त्याला वाटावं. सहा हजारांच्या वर शब्द आहेत. आपल्याला हे जमतंय असं मला अकरा वर्षांत एकदाही वाटलेलं नाही.

तर त्या दिवशी राहुटीबाहेर बसलेली राधाबाई मला म्हणाली, “मास्तर, ह्या निबारात खंय चल्लास?” मी कुठेही निघालो नव्हतो, नुसता उभा होतो. पण निबार हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. निबार, म्हणजे डोकं तापवणारं दुपारचं ऊन. हा माझ्या यादीत आहे का? असायलाच हवा. पण घेतल्याचं आठवेना. शहाण्या माणसाने कागदावर लिहून ठेवला असता आणि दोन दिवस थांबला असता. मी तासभर थांबलो. मग छत्री उघडली आणि सगळे जेवून आडवे झाले असताना व्हाळ ओलांडून, त्याच निबारातून, निबार शोधायला गावात गेलो.

रिकामा गाव मी तेव्हा पाहिला. वर्णन करणार नाही, कारण मी ते पाहायलाच नको होतं. वाचनालयाच्या दोन किल्ल्या आहेत, एक फ्लाव्हियाकडे आणि एक माझ्याकडे. मी दार उघडलं, संगणक लावला. शब्द यादीत होता. दोनदा होता.

आणि तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, आता घ्यायची का? खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नंतर’. फ्लाव्हिया गेली सहा वर्षं या चौकटीला ‘नंतर’ म्हणत आली आहे. तिला कधी दुसरा विचारही करावा लागत नाही. मला मात्र वाटलं, कुणीतरी इतकं विनयाने विचारतंय. मी ‘होय’ दाबलं.

गावपळणीवरून सगळे परत आले तेव्हा माझी छत्री हरवलेली होती. ती माळावर विसरलो की वाचनालयात, हेच मला आठवेना. वाचनालयात दोनदा पाहिली, मिळाली नाही, तेव्हा माळावरच राहिली असणार म्हणून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे छत्रीवर पांढऱ्या रंगाने नाव घालतात. माझ्या छत्रीवर ‘य. स. तोंडवळकर, निवृत्त शिक्षक’ असं आहे, तेव्हा ती सापडायला नको तिथे सापडली असती तर वेगळा पंचनामा करायची गरज नव्हती. बाळाने देवळाच्या स्पीकरवरून दोन दिवस पुकारा केला की गावपळणीत गुरुजींची छत्री हरवली आहे, सापडल्यास आणून द्यावी. असा हा माझ्यासाठी झटणारा माजी विद्यार्थी.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि फ्लाव्हिया तपासणीला बसलो. पत्रात कृती दिलेली होती. प्रोग्रॅम उघडा, ‘माहिती’ वर दाबा, आवृत्तीचा आकडा आणि ती घेतल्याचा दिनांक पाहा. मी मुद्दाम चष्मा पुसायला वेळ घेतला. तोवर फ्लाव्हियाने दाबलंही.

४.२.७. पंधरा डिसेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

फ्लाव्हिया पन्नाशीची बाई आहे. पुस्तक परत न करणाऱ्याच्या घरी ती लग्नाच्या आदल्या दिवशीही जाऊन उभी राहते. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मग प्रपत्राचा तिसरा रकाना माझ्यापुढे सरकवला. ‘बाधित असल्यास दिनांक लिहावा. सदर दिनांकास संगणक वापरणाऱ्याचे नाव व स्वाक्षरी.’

“काय लिवया, सर?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बघूया. हा माझा आवडता शब्द आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. उठून तिने भिंतीतली इंटरनेटची वायर तेवढी ओढून काढली आणि वेटोळं करून कपाटावर ठेवली. हे मला सुचायला हवं होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी हिशेब लावायला बसलो की त्या संगणकावर तीन महिन्यांत काय काय टाईप झालं असेल. मुलांचे परीक्षेचे फॉर्म. दाखले. फ्लाव्हियाने ज्यांची ज्यांची खाती उघडून दिली त्यांचे पासवर्ड. गावातल्या निम्म्या लोकांचा पासवर्ड ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा आहे, त्यामुळे चोराला फारसे कष्ट पडले नसतील. आणि राधाबाईची पत्रं. तिचा मुलगा बाबू जहाजावर असतो. दर शुक्रवारी ती येऊन बसते आणि फ्लाव्हियाला मजकूर सांगते, फ्लाव्हिया मेल करते. सुनेबद्दल ती जे सांगते ते ऐकताना मी वर्तमानपत्र जरा वर धरतो. ते सगळं आता परदेशात कुणीतरी वाचत होतं.

आणि माझी यादी. जानेवारीपासून मी चारशेच्या आसपास शब्द टाकले होते, अर्थासकट, वापराच्या वाक्यांसकट. तिकडे कुणीतरी बँकेच्या आकड्यांची वाट पाहत बसला असेल आणि त्याच्यापुढे एकामागून एक येत असेल, व्हाळ म्हणजे ओढा, बांव म्हणजे विहीर, मांगर म्हणजे रानातलं खोपट, तिनसान म्हणजे तिन्हीसांज. मला त्याची दया आली. आणि लपवण्यात अर्थ नाही, क्षणभर बरंही वाटलं. अकरा वर्षांत मला मिळालेला हा पहिला वाचक होता.

प्रश्न साधा होता. ‘बाधित नाही’ असं लिहिलं तर माझं नाव वाचत होतं, पण लोकांना कुणी पासवर्ड बदलायला सांगणार नव्हतं. ‘बाधित’ लिहिलं तर पंधरा तारीख लिहावी लागणार होती, आणि पंधरा तारखेला गावात कोण होतं हे सांगावं लागणार होतं. चाळीस वर्षं मी या गावाच्या पोरांना खोटं बोलू नये हा धडा शिकवला. त्या धड्याखालच्या स्वाध्यायात असा प्रश्न कधी नव्हता.

पाच दिवस मी बघूया म्हणत राहिलो. सहाव्या दिवशी बाळाने पुन्हा सभा घेतली.

या वेळी त्याने नव्या संगणकासाठी टेबलही ठरवून ठेवलं होतं. अहवाल कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी प्रपत्राची घडी उघडली, पुन्हा घातली. शेवटी फ्लाव्हियाच म्हणाली की संगणक बाधित आहे. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली की तारीख पंधरा डिसेंबर आहे.

गावातल्या माणसाला इतर तारखा लक्षात राहत नाहीत, ही राहते. टाळ्या हळूहळू थांबल्या. बाळाने बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

“त्या दिवशी हयसर कोण नव्हता,” तो म्हणाला.

म्हणजे असा पेच होता की संगणक बाधित असेल तर गावपळण मोडली, आणि गावपळण मोडली नसेल तर संगणक बाधित नाही. बाळा वाचनालयाचा अध्यक्ष होता आणि देवस्थान समितीचाही सदस्य होता. दोन्ही खुर्च्या एकाच माणसाखाली पहिल्यांदाच करकरल्या.

“मगे बाधित नाय,” तो म्हणाला. “मशिनीची चूक आसतली. लिवा, बाधित नाय.”

सहा दिवसांपूर्वी हाच माणूस म्हणाला होता की बाधित असायलाच हवा. पण त्याला दोष देता येत नाही. देव आणि नवा संगणक यांत त्याने देव निवडला, आणि तेही पुरतं कळून.

माझी सुटका झाली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पण टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेले एक सभासद, ज्यांना कार्यकारिणीत घ्यायला मीच अनुमोदन दिलं होतं, ते हसत म्हणाले की मशीन कशाला चुकेल, किल्ल्या किती जणांकडे आहेत ते विचारा.

बाळाने विचारलं. दोन, असं फ्लाव्हियाने सांगितलं.

“एक गुरुजींकडे,” ते सभासद म्हणाले, “आणि दुसरी हिच्याकडे. त्यांचो देव वेगळो. त्यांका काय, गावपळण मोडली काय नि ऱ्हवली काय.”

फ्लाव्हियाने पुस्तकांच्या नोंदवहीवरची धूळ पदराने पुसली. धूळ तिथे नव्हती. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं. एक किल्ली माझ्याकडे आहे हे आत्ताच बोललं गेलं होतं, तरीसुद्धा.

मी उभा राहिलो. सभेत मी उभा राहतो तो श्रद्धांजलीला, त्यामुळे दोघेजण उगीच उठले.

“मी इल्लंय,” मी म्हटलं. एरवी सभेत मी पुस्तकी मराठी बोलतो. हे कसं बोलीत आलं ते मला कळलं नाही. “पंधरा तारखेक, दुपारी. व्हाळ उतरान. तां बटण मी दाबलंय. फ्लाव्हिया माळावर होती.”

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, राधाबाईचा शब्द, माझी यादी, ‘किरकोळ’, सगळंच सांगून टाकणार होतो. अकरा वर्षं साचलेला माणूस एकदा बोलायला लागला की काय काय सांगेल. पण बाळा उठला आणि टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तुमका खोटा बोलाक येणा नाय.”

मी म्हटलं, अरे, खरं आहे.

“शाळेत आमी काच फोडली तर तुमी हेडमास्तरांक सांगलास, माझ्या हातान फुटली. तां मी इसारलंय नाय.”

ती काच माझ्याच हाताने फुटली होती. पट्टी लागून. ते मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

मग बाळाने सभेला समजावलं की बघा, याला म्हणतात वाचनालयावरचं प्रेम. नवा संगणक मिळावा आणि एका बाईवर आळ येऊ नये म्हणून हा देवमाणूस गावपळण मोडल्याचं पाप अंगावर घ्यायला निघाला आहे. जो माणूस वाटेतली गाय उठेपर्यंत थांबून राहतो, तो देवाच्या गावात एकटा शिरेल? सगळे हसले, प्रेमाने. मघाचे ते सभासदही मान हलवत म्हणाले की गुरुजींची कमाल आहे. मी तीन वेळा सांगितलं की मी आलो होतो. तिसऱ्या वेळी एकाने मला पाणी आणून दिलं. पुढच्या वर्धापनदिनी माझा सत्कार करावा असा ठराव सूचक-अनुमोदकासह मंजूर झाला. माझी अब्रू जावी म्हणून मी उभा राहिलो होतो, ती बसताना आणखी वाढलेली होती.

प्रपत्राचं काय करायचं यावर बाळाने मार्ग काढला. संगणक बाधित आहे हे तर फ्लाव्हिया सांगते आहे. मग तेवढं खरं लिहू. तारीख मात्र सतरा लिहू, गाव परत आल्याची. संगणक जुना आहे, त्याचं घड्याळ दोन दिवस मागे पडलं असेल. म्हणजे देव राहतो आणि संगणकही मिळतो. त्याने स्वतःच्या हाताने सतरा लिहिलं आणि वापरणाऱ्याच्या जागी ‘कार्यकारिणी’ असं लिहून सही केली.

आठवड्याने कार्यालयातून कौस्तुभ नावाच्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. तो फार सौजन्याने बोलत होता. आपलं प्रपत्र तपासलं, तो म्हणाला. सतरा तारीख बाधित कालावधीत बसत नाही, तेव्हा आपला संगणक बाधित नाही असा शेरा मारला आहे. मी म्हटलं, आवृत्ती ४.२.७ आहे, मी डोळ्यांनी पाहिली. तो म्हणाला, सर, सतराला ४.२.७ उपलब्धच नव्हती. मग ती आमच्या संगणकात आली कशी, असं मी विचारलं. थोडा वेळ कागदांचा आवाज आला.

“ते प्रपत्रात विचारलेलं नाही, सर,” तो म्हणाला.

बाळा बराच वेळ त्या रिकाम्या टेबलाकडे पाहत बसला. गावपळणीला गेलो नसतो तर आज नवा संगणक आला असता, असं तो म्हणायला गेला, आणि अर्ध्यावर थांबून त्याने देवळाच्या दिशेने कानाच्या पाळ्या धरल्या.

कागदावर नसलेली बाधा मी आणि फ्लाव्हियाने दोघांत मिटवली. पत्रातली कृती वाचत मी तो प्रोग्रॅम काढून टाकला. अडीच तास लागले, प्रत्येक पायरीला ‘खात्री आहे का?’ असं विचारत होतं आणि हा प्रश्न मला कुणी विचारू नये. फ्लाव्हिया शेजारी उभी राहून दर वेळी “दाबा” म्हणत होती. ज्यांची खाती तिने उघडली होती त्यांना तिने बोलावून त्यांच्याच फोनवरून पासवर्ड बदलायला लावले. बहुतेकांनी एक-दोन-तीनचं एक-दोन-चार केलं. राधाबाईला मी स्वतः सांगितलं की तुझी पत्रं कुणा परक्याने वाचली असतील, आणि त्याला कारण मी आहे.

“वाचूंदे,” ती म्हणाली. “बाबू तरी खंय धड वाचता.”

इंटरनेटची वायर मी परत लावू दिली नाही. संगणक आता जगापासून तुटलेला आहे. मी अजून शब्द टाकतो, पण ते कुठेही पोचत नाहीत. कधी कधी वाटतं, तिकडे कुणीतरी विचार करत असेल की तिनसानच्या पुढे काय झालं.

त्या दिवशी काम संपवून मी निघालो तेव्हा दीड वाजला होता. मी चपला घालत होतो. फ्लाव्हियाने मागचं कपाट उघडलं, फाटक्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे हात घातला आणि काळी छत्री बाहेर काढली. पांढऱ्या रंगातली अक्षरं जराही पुसट झाली नव्हती.

“गावपळणीवरसून इलंय त्या दिसाच गावली,” ती म्हणाली. “कॉम्प्युटराच्या खुर्चेक अडकलेली. कोणी बघूच्या आधी लपवन ठेवलंय.”

तीन महिने. त्या सभेतसुद्धा, सगळे तिच्याकडे पाहत असताना, कपाट तिच्यापासून दोन हातांवर होतं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याकडे सहा हजार शब्द आहेत.

“तुमच्या देवाक माका सांगूक येणा नाय,” ती म्हणाली, “म्हणान आमच्या चर्चीत तुमच्या नावान मेणवात लायलंय. नेवा आता. भायर निबार आसा.”

मी छत्री उघडली आणि निघालो. तिकटीवर बाळा त्याच्या मोटारसायकलवर बसून कुणाशी तरी गजाली मारत होता. मला पाहून तो खाली उतरला, छत्रीवरचं नाव वाचलं आणि मनापासून खूश झाला.

“गावली? खंय होती?”

“वाचनालयात,” मी म्हटलं. “कॉम्प्युटराच्या खुर्चेक.”

“बघा,” तो शेजारच्या माणसाला म्हणाला, “मी दोन दीस पुकारा केलंय. गावपळणीत आपल्या गावात काय हरवणा नाय.”